टेलरनं दिलेला शब्द

थंडी पडली की आम्ही तिघं मासे धरायला जायचो. मी, टेलर आणि टेंपोवाला. माझं उद्यमनगरात विजेच्या मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान आहे. टेलर माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या घरात आजोबापासून शिलाई चालत आलेली, त्यामुळं त्याच्या खऱ्या नावानं त्याला फक्त मशिदीत आणि बँकेत हाक मारतात. टेंपोवाला फौंड्रीचा माल वाहतो आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्याच्याकडं मत तयार असतं. तिघांचीही पन्नाशी उलटलीय. पण गळ घेऊन निघालो की एकमेकांना ज्या शिव्या घालायचो त्या इथं लिहिता येणार नाहीत.

पावसाळ्यात पाणी गढूळ, तेव्हा आम्ही गप्प. दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, सकाळी तोंडातनं वाफ निघायला लागली की टेंपोवाल्याचा फोन यायचा, "पाणी निवळलं रं." मग रविवारी कधी मुरगूडचा तलाव, कधी राधानगरीकडं धरणाचं मागचं पाणी, कधी नुसतीच एखादी खण, म्हणजे दगड काढून झाल्यावर खड्ड्यात साठलेलं पाणी. ते पाणी हलतच नाही. वेळूची काठी, दोरा, दोऱ्यावर तरंगायला मोरपिसाची काडी आणि गळाला कणकेची गोळी. थंडीत मासा आळशी होतो, उन्हं वर आल्याशिवाय तोंड उघडत नाही. आम्हालाही तेच पाहिजे असायचं. तीन बाप्ये एका काडीकडं बघत बसलेत, कोण काय बोलत नाही, टेंपोवालासुद्धा बोलत नाही. एवढं सुख आम्हाला दुसरीकडं कुठं मिळत नव्हतं.

आणि हिवाळ्यातनं एकदा समुद्र. आजऱ्यात चहा मारायचा, आंबोलीचा घाट उतरायचा आणि वेंगुर्ल्याच्या अलीकडं एका खडकाळ किनाऱ्यावर जाऊन बसायचं. तिथं काठी नाही, हातात नुसती दोरी. ती बोटावर धरायची आणि वाट बघायची. तांबोशी लागली तर बोट कापतंय की काय असा झटका. तळ्यातला मासा विचार करून खातो, समुद्रातला भूक लागली की खातो, असं टेंपोवाल्याचं मत.

माझी बायको ह्या सगळ्याच्या विरोधात. ती जतकडची, दुष्काळी मुलखातली. पाणी म्हणजे घागरीत असतं तेवढंच. त्याहून जास्त दिसलं की ती मागं सरायची. रंकाळ्यावर भेळ खायला गेलो तरी ही कठड्यापासनं दहा हात लांब. मी गळ काढला की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. "निघालासा? जावा. माशांनी निरोप धाडला असंल." डबा मात्र भरून द्यायची. भाकरी, खर्डा, वर कांदा. आणि दारात उभी राहून सांगायची, "पाण्याकडं पाठ करू नका."

मागं एका हिवाळ्यात मी केलीच पाठ. समुद्रावर, खडकावर उभा राहून टेंपोवाल्याशी भांडत होतो. कशावरनं ते आता आठवत नाही, पण माझंच बरोबर होतं. लाट आली आणि पायाखालचा खडकच गेला असं वाटलं. टेलरला पोहता येत नाही. तो पालथा पडला आणि त्यानं माझ्या शर्टाची कॉलर धरली. शर्ट त्यानंच शिवलेला. "रेडिमेड असता तर गेला हुतास," असं तो अजून सांगतो. गुडघा फुटला, बाकी काही नाही. घरी येऊन मी थाप मारली, टेंपोतनं उतरताना पडलो म्हणून. बायकोनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी थेट टेलरचं दुकान गाठलं. टेलरला खोटं बोलता येत नाही, त्यानं सगळं ओकलं. ती ओरडली नाही म्हणे. "भावजी, ह्यास्नी अडवायला मला जमत न्हाय. तुमच्या भरवशावर सोडते," एवढंच म्हणाली आणि ब्लाऊजचं कापड टाकून घरी आली.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला ती गेली. ताप आला, गोळ्या घेतल्या, उतरला, परत चढला. दवाखान्यात नेली आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. लांबवून लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

मला काही वाटलं नाही. असं लिहिलेलं वाईट दिसतं, पण खरं तेच आहे. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय मरतो, चिमटा काढला तर दुसऱ्याच्या पायाला काढल्यासारखा लागतो, तसं सगळं अंग. लोक येत होते, बसत होते, जात होते. एक मामी सारखी म्हणायची, "त्याला रडू द्या, रडला न्हाय तर डोस्क्यात जाईल." एक पावणा म्हणाला, "सुटली बिचारी." कशातनं सुटली? ती काय जेलात होती? आज लिहिताना राग येतोय, तेव्हा नाही आला. तेव्हा मी त्याला चहा घेणार का म्हणून विचारलं. लेक गडहिंग्लजला दिलेली. ती आली, माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिच्या पाठीवरनं हात फिरवत होतो आणि बघत होतो की भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान अजून गेल्याच महिन्याचं आहे.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर गेलो. पिंड मांडले. कावळा शिवला की गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली नाही असं समजायचं. शिवला नाही तर एकेकानं पुढं होऊन त्या माणसाला शब्द द्यायचा, ज्याच्यात जीव अडकलाय ते आम्ही बघतो म्हणून. कावळे होते. कठड्यावर चांगली रांग लागली होती. पण एक पुढं यायला तयार नाही. मेव्हणा पुढं झाला, "अक्का, पोरीचं माहेर तुटू देणार न्हाय." कावळा नाही. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "वैनी, दादाला एकटं टाकत न्हाय आम्ही." कावळा नाही. लेकीनं रडत रडत सांगितलं, "आई, बाबांच्या जेवणाखाण्याचं मी बघीन." कावळ्यांनी माना वाकड्या करून नुसतं बघितलं. ऊन चढलं. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ या.

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. नवरा मी, बोलायला पाहिजे होतं मी. तोंडात जीभ होती, पण ती नुसती होती. मी नदीकडं बघत उभा राहिलो. पाणी अजून गढूळच होतं.

तेवढ्यात वरच्या पायरीवरनं आवाज आला. टेलर. तो लांब उभा होता, चपला काढून, टोपी हातात धरून. "वैनी! ह्याला परत पाण्यावर नेणार न्हाय! माझा शब्द हाय!"

सगळ्यांनी वळून वर बघितलं. आणि कठड्यावरनं एक कावळा उठला, सरळ खाली आला, पिंडाला चोच मारली आणि भाताचा घास घेऊन गेला.

लोकांनी सुस्कारा सोडला. मामी म्हणाली, "बघा, ह्यातच जीव हुता तिचा." माझ्या शेजारी टेंपोवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला. टेलरनं काय करून ठेवलंय ते त्याला लगेच कळलं होतं. मलाही कळलं. पण कळलं, एवढंच.

दिवाळी आली आणि गेली. आमच्याकडं दिवाळी नव्हतीच. थंडी पडली, पाणी निवळलं, आणि एका संध्याकाळी टेंपोवाला माझ्या दुकानात आला, मला मोटरसायकलवर मागं बसवलं आणि टेलरकडं घेऊन गेला.

"रविवारी मुरगूड," तो दारातनंच म्हणाला.

टेलरनं मशीन थांबवलं नाही. "तू जा. ह्याला नेता येत न्हाय."

"अरे मर्दा, कावळा हुता त्यो! भूक लागली, आला. तुझं भाषण ऐकून आला व्हय?"

"मला म्हाईत न्हाय."

"आणि तू नमाज पडणारा माणूस. तुला रं काय करायचाय आमचा कावळा?"

तेव्हा टेलरनं मशीन थांबवलं. "शब्द कावळ्याला न्हाय दिला. वैनीला दिलाय. ती जिती असती तर मोडला असता. दारात जाऊन हात जोडलं असतं, चार शिव्या खाल्ल्या असत्या, झालं असतं. आता कुणाफुडं हात जोडू, सांग की."

टेंपोवाल्याकडं ह्याच्यावर मत तयार नव्हतं. हे मी पहिल्यांदाच बघितलं. मग दोघांनी माझ्याकडं बघितलं. "तुला काय वाटतंय?" टेंपोवाल्यानं विचारलं.

"मला काय न्हाय," मी म्हणालो. आणि खरंच काही नव्हतं. मासे धरायला गेलो काय, न गेलो काय. समोर पोरांच्या शाळेच्या चड्ड्यांचा ढीग होता, मी त्यांची बटणं बघत बसलो.

हिवाळा तसाच चालला. सकाळी दुकान उघडायचो, तांब्याची तार गुंडाळायचो, दुकान बंद करायचो. ते काम हातांना पाठ आहे, त्याला माणूस लागत नाही. रविवार मात्र संपता संपायचा नाही. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचो आणि बसायचो. अकराच्या सुमाराला टेलर यायचा. येताना मार्केटातनं मासा घेऊन यायचा, कधी सुरमईचे तुकडे, कधी बांगडा. धरायला नेत नाही तर निदान खाऊ तरी घालतो, असं त्याचं. माझ्याच स्वयंपाकघरात तळायचा, मीठ हमखास जास्त. मी खायचो. चव लागत होती का ते सांगता येणार नाही.

मार्गशीर्षातसुद्धा त्यानं तळला. आमच्या घरात मार्गशीर्षात कधी मासा शिजला नव्हता. बायको ह्या महिन्यात अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. वास सुटला तशी शेजारची काकू दारात आली, नाकाला पदर लावून उभी राहिली आणि तशीच परत गेली. तेव्हा टेलरच्या ध्यानात आलं. हातात उलथनं घेऊन तो माझ्याकडं बघत राहिला. एवढ्या वर्षांत त्याच्या हातनं आमच्या घरात असली चूक झाली नव्हती. "मी इसरलो. तू का न्हाय रं सांगितलंस?" म्हणाला. मी म्हटलं, "असू दे." त्यानं कढई उतरवली. त्या दिवशी तो जेवलाच नाही.

संध्याकाळी तो मला फिरायला काढायचा. रंकाळ्यावर. फिरायला तीच जागा, करणार काय. पण चालताना तो पाण्याच्या बाजूनं, माझ्या आणि कठड्याच्या मध्ये. परत फिरलो की धावत जाऊन बाजू बदलायचा. लोक बघायचे. एकदा टेंपोवाला बरोबर होता, तो म्हणाला, "अरे, तो काय उडी टाकणार हाय व्हय?" टेलर पाण्याच्या बाजूनंच चालत राहिला. त्यानंतर टेंपोवालाही माझ्याकडं चोरून बघायला लागला.

माझ्या पँटी कमरेत सैल झाल्या होत्या. टेलरनं त्या नेऊन आवळून आणल्या. महिन्यात परत सैल झाल्या. दुसऱ्या खेपेला त्यानं माझ्या कमरेभोवती टेप लावला, आकडा बघितला आणि टेप गळ्यात न टाकता तसाच हातात धरून उभा राहिला. टेंपोवाला तिथंच बसला होता. "हे काय खरं न्हाय," तो म्हणाला. "असाच बसून राहिला तर फुडच्या पावसाळ्यात आपण परत घाटावर." हे त्यानं माझ्या समोर म्हटलं, मी तिथं नसल्यासारखं. आणि मलाही ते दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय असंच वाटलं. टेलरचं तोंड मात्र उतरलं.

संक्रांतीला लेक आली. सण करायचा नव्हता, नुसती बघायला आली. तिनं फ्रीज उघडला, बंद केला. गॅसची शेगडी पुसली. मला काय काय विचारलं, मी हो, नाही म्हणालो. मग ती स्वयंपाकघरात जाऊन टेंपोवाल्याशी फोनवर बोलली, मला ऐकू येत होतं. "काका, बाबांना कुठंतरी घेऊन जावा. पाण्यावर न्या, डोंगरावर न्या, कुठं पण न्या. पण ह्या खुर्चीतनं उठवा हो. आई गेली, आता बाबा पण घालवायचे न्हाईत मला."

पुढच्या रविवारी उजाडायच्या सुमाराला टेंपोवाला दारात. "चल," म्हणाला. कुठं ते मी विचारलं नाही. स्वेटर घातला आणि जाऊन बसलो. टेलरला काही सांगायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. पण चौकात टेलर उभा. मफलर गुंडाळलेला, हातात कापडी पिशवी. लेकीनं त्यालाही फोन केला होता. टेंपोवाल्यानं गाडी थांबवली, टेलर वर चढला, मला मध्ये सरकवलं आणि दार ओढून घेतलं. टेंपोवाल्यानं आजऱ्यापर्यंत गाडी कुठं थांबवली नाही.

आजऱ्यात चहाच्या गाड्यावर टेंपोवाल्याला राहवलं नाही. "हे बघ, शब्द तुझा हुता. मी न्हाय दिलेला. मी नेतोय ह्याला."

"तसं न्हाय," टेलर म्हणाला. "मला म्हाईत हाय आणि मी अडवला न्हाय, म्हंजे मीच मोडला. माझ्याच नावावर लाव." त्यानं चहाचा पेला खाली ठेवला. "वैनी म्हणाली हुती, तुमच्या भरवशावर सोडते. समुद्रात मेला तर भरवसा माझाच. आणि खुर्चीत मेला तर? त्यो पण माझाच की."

मी त्या दोघांच्या मध्ये उभा राहून चहा पीत होतो. चहा गरम होता.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा चांगलं ऊन पडलं होतं. समुद्र शांत. टेंपोवाल्यानं दोऱ्या काढल्या, कोळंबी सोलायला घेतली. टेलरनं त्याच्या पिशवीतनं नवार काढली, पलंगाला विणतात ती जाड पट्टी. दुहेरी करून मशीनवर शिवलेली, टोकाला फासा केलेला. माझ्या जवळ आला आणि ती माझ्या कमरेभोवती बांधायला लागला. पँटीचं माप घेतो तसा, मान खाली घालून. दुसरं टोक त्यानं स्वतःच्या कमरेला बांधलं आणि माझ्या मागं वरच्या खडकावर जाऊन बसला.

"अरे येड्या," टेंपोवाला म्हणाला, "तुला पोहायला येतंय का? हा पडला तर दोघं बी बुडशीला."

"बुडू की," टेलर म्हणाला.

मी दोरी टाकली, बोटावर धरली. काही लागत नव्हतं. पलीकडच्या खडकावर दोन बायका शिंपल्यातली कालवं काढत होत्या. त्यातल्या एकीनं मान वर करून बघितलं, दुसरीला कोपर मारलं आणि टेलरला विचारलं, "काय ओ, माणूस पळान जाता काय?" दोघी हसायला लागल्या. टेंपोवालाही हसला. दोरी गुंतली म्हणून मी एक पाऊल पुढं टाकलं. मागनं नवार गच्च आवळली गेली, मी मागं ओढला गेलो, बूड आपटलं आणि हातातली दोरी सुटून पाण्यात गेली.

आणि मला राग आला.

आधी कळलंच नाही काय होतंय. कानशिलं तापली. मला वाटलं, चक्कर येतेय. मग तोंडातनं शिवी बाहेर पडली आणि कळलं, हा राग आहे. मी उठलो, वळलो आणि मला येतात त्या सगळ्या शिव्या टेलरला घातल्या. आईवरनं, बापावरनं, त्याच्या दुकानावरनं. मी काय म्हैस हाय का, म्हणालो. खुंट्याला बांधतोस? "आणि तू कोण रं? माझी बायको हुती ती, माझी! तुला कुणी सांगितलं हुतं तिला शब्द द्यायला?"

टेलर उठून उभा राहिला. तो माझ्यावर कधी ओरडलेला नाही, शाळेतसुद्धा नाही. तो ओरडला, "तू देत नव्हतास म्हणून!"

बायकांचं हसणं थांबलं.

"सगळी बोलली," तो म्हणाला. "मेव्हणा बोलला, भाऊ बोलला, लेक बोलली. ती कुणाचं ऐकंना. मला दिसत हुतं ती कुणासाठी थांबलीय. तू तोंड उघडलंस का? किती टाइम तिला तसंच ताटकळत ठेवायचं, सांग की! उन्हात! मला बघवंना. मला जे सुचलं ते मी बोललो. चुकलं असंल माझं. आयला, मी कोण तिचा? पण तू काय बोललास? अजून तरी काय बोलला हाईस?"

टेंपोवाला हातातली कोळंबी तशीच धरून बसला होता.

माझा राग होता तिथंच होता, पण तो आता टेलरवर नव्हता. कुणावर होता ते कळेना. "काय बोलायचं असतंय?" मी विचारलं. हे मी भांडायला विचारलं नव्हतं. मला खरंच माहीत नव्हतं.

"मला काय म्हाईत," टेलर म्हणाला. "माझी बायको न्हाय ती."

मी तोंड फिरवलं. समोर समुद्र होता म्हणून समुद्राकडं. ती तिथं असेल असं काही मनात नव्हतं. ती असल्या जागी कशाला येईल? पण त्या दोघांच्या तोंडाकडं बघून ते बोलता आलं नसतं.

"मला करमत न्हाय गं," मी म्हणालो.

एवढं मोठ्यानं म्हटलं आणि माझ्याच कानांवर ते आलं. पंचवीस-तीस वर्षांत असलं काही मी तिला सांगितलं नव्हतं. असलं आमच्यात सांगायची पद्धतच नव्हती. "घरात करमत न्हाय. दुकानात करमत न्हाय. सकाळी चहा टाक म्हणायला तोंड उघडतो आणि मग ध्यानात येतंय. कोण बोलत न्हाय माझ्याशी. म्हंजे बोलतात सगळी, पण कोण भांडत न्हाय. मार्गशीर्षात मासा शिजला घरात, तुला सांगायला पाहिजे. टेलरनं शिजवला, पण मी खाल्ला. दवाखान्यात तू म्हणालीस, मला घरी न्या, आणि मी म्हटलं, उद्या नेतो. मला वाटलं हुतं, खरंच उद्या नेईन. मला काय म्हाईत गं. मला काय म्हाईत हुतं."

मग मला पुढं बोलता येईना. मी रडलो. चांगला मोठ्यानं, नाक वाहेपर्यंत. छातीत दुखत होतं, फुटलेल्या जागी औषध लावल्यावर झोंबतं तसं. कमरेला नवार तशीच होती. ती आता आवळलेली नव्हती. टेलर दोन पावलं खाली उतरून माझ्या मागं येऊन उभा राहिला होता. टेंपोवाला समुद्राकडं पाठ करून लांब बघत बसला होता आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत होता. पलीकडच्या बायका त्यांच्या पाट्या उचलून हळूच पुढच्या खडकावर निघून गेल्या.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. हुंदके थोडे कमी झाले तेव्हा मागनं टेलरनं विचारलं, "झालं सांगून?"

मी म्हटलं, "न्हाय."

"मग सांग की," तो म्हणाला, आणि माझ्या शेजारी खडकावर बसला.